एक नंबरचं बोट कोणतं? देवगिरीच्या हिशेबनिसापासून लिलीपाँडच्या फंक्शनपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा एसटीत हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकलेल्यांनीही वाचा, कारण काही खुणा कानाला दिसत नाहीत, डोळ्यालाच दिसतात.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. संगीताच्या कागदावर एका स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात १ लिहिलाय. हा १ म्हणजे कोणतं बोट?

पियानो शिकणारा सांगेल, अंगठा. व्हायोलिनवाला सांगेल, तर्जनी, कारण त्याच्या डाव्या हाताचा अंगठा तारेवर येतच नाही, मग मोजणी तर्जनीपासून. आणि जुन्या इंग्लंडमध्ये छापलेलं पियानोचं पुस्तक हातात आलं तर तिथेही १ म्हणजे तर्जनी, आणि अंगठ्यासाठी चक्क + ची खूण. म्हणजे जर्मनीतलं पुस्तक घेऊन लंडनला गेलात तर सगळी बोटं एकेक घर सरकली.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, तू इतिहासाचा पॉडकास्ट करतोस, हे बोटांचं काय मधेच? तर ऐका. स्वर कसा लिहायचा याचा इतिहास आपल्याकडे बऱ्यापैकी सांगितला जातो. हात कसा लिहायचा याचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. आणि त्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या मराठवाड्यातलं आहे. माझं रोजचं काम कोड लिहिण्याचं, त्यामुळे शेवटी गाडी सॉफ्टवेअरवर येणारच. पण आधी जरा मागे जाऊ.

हात हाच कागद

सामवेद म्हणणारे लोक गाताना उजव्या हाताच्या अंगठ्याने बोटांना स्पर्श करत जातात. हा नुसता हातवारा नाही. नारदीय शिक्षा नावाच्या जुन्या ग्रंथात कोणता स्वर हातावर कुठे, हे सांगितलेलं आहे. या पद्धतीला एक छान नाव आहे: गात्रवीणा. गात्र म्हणजे अंग. शरीराचीच वीणा.

म्हणजे आपल्याकडे स्वर लिहिण्याची एक फार जुनी जागा हाताचा पंजा होती. गुरूचा हात बघायचा, आपल्या हातावर उतरवायचा. कागद नको, शाई नको. फक्त एक अट: गुरू समोर बसलेला पाहिजे.

ही अट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट ही अट काढून टाकण्याच्या प्रयत्नांची आहे.

देवगिरी, तेरावं शतक

आता आपल्या भागात येऊ. अंबाजोगाईला गेला असाल तर खोलेश्वराचं नाव ऐकलं असेल. खोलेश्वर हा यादव राजा सिंघण याचा सेनापती, त्याचे शिलालेख अंबाजोगाईत आहेत. याच सिंघणाच्या राजधानीत, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, एक माणूस बसून एक जाडजूड संस्कृत ग्रंथ लिहीत होता. माणूस शार्ङ्गदेव, ग्रंथ संगीतरत्नाकर.

शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या दरबारात. आणि नोकरी कोणती? तर श्रीकरण, म्हणजे राज्याचं हिशेबखातं. पुढे हेमाद्रीपंत, आपला हेमाडपंत, याच खात्याचा प्रमुख होता. तर भारतीय संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस हिशेबखात्यातला आहे. मला ही गोष्ट फार आवडते. हिशेबाच्या माणसाला सवय असते: प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं, व्याख्या करायची आणि पुढे फक्त नावाने काम चालवायचं.

संगीतरत्नाकरात सात अध्याय आहेत. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. सहावा वाद्याध्याय आपल्या कामाचा. यात वीणा कशी बनवायची एवढंच सांगून शार्ङ्गदेव थांबत नाही. वीणेवर हात काय काय करतो याची तो यादी करतो. उजव्या हाताच्या क्रिया वेगळ्या, डाव्या हाताच्या वेगळ्या, दोन्ही हात मिळून करायच्या वेगळ्या. आणि प्रत्येकीला नाव. भ्रमर, कर्तरी, नखकर्तरी. कर्तरी म्हणजे कात्री. नाव ऐकलं की बोटं कशी चालत असतील याचा थोडा अंदाज येतो. अवनद्ध वाद्यांसाठी, म्हणजे चामड्याने मढवलेल्या वाद्यांसाठी, हाताच्या आघातांचीही अशीच नावं आहेत.

जो कोणी कोड लिहितो त्याच्या लक्षात आलं असेल की हे काय चाललंय. एकदा व्याख्या करा, नाव द्या, मग शंभर वेळा नावाने बोलवा. याला आम्ही फंक्शन म्हणतो. शार्ङ्गदेवाला कॉम्प्युटर माहीत होता असला फॉरवर्ड मेसेज मी पाठवत नाहीये, बरं का. मी एवढंच म्हणतोय की हात लिहायचा असेल तर हाताच्या कृतीला नाव द्यावं लागतं, हे काम आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर, आठशे वर्षांपूर्वी झालेलं आहे.

त्याची दुसरी एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे. स्वर लिहिताना मंद्र सप्तकासाठी तो अक्षरावर बिंदू देतो आणि तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ. हे डोक्यात ठेवा.

मधली पोकळी

सिंघणानंतर शंभर वर्षांच्या आत देवगिरीचं राज्य गेलं. ग्रंथ राहिला, पण ग्रंथ संस्कृतात, आणि वाजवणारे हात दुसरीकडे. पुढची काही शतकं आपल्या भागात गाणं भरपूर झालं, लिहिणं मात्र शब्दांचं झालं.

अंबाजोगाईचेच दासोपंत घ्या. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. माणूस लिहिण्यात इतका पुढे की कागद सोडून अख्ख्या कापडावर लिहिलं. त्यांनी गाण्यासाठी पदंही रचली. शब्द आज वाचता येतात. पण कोणत्या स्वरावर कोणता शब्द, साथीला हात कसा चालत होता, हे त्या शब्दांतून कळत नाही. ते गळ्यात आणि हातात होतं, आणि गळा नि हात माणसाबरोबर जातात.

एक वकील, एक गवई

आता उडी मारून विसाव्या शतकाच्या तोंडाशी येऊ. दोन मराठी माणसं, दोघांचंही नाव विष्णू.

विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एका गुरूपुढे एक शिष्य ही रीत बाजूला ठेवून वर्गात बसलेल्या पोरांना गाणं शिकवायचं होतं. मग पुस्तक पाहिजे, आणि पुस्तकाला लिपी पाहिजे.

विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुंबईतल्या वाळकेश्वरचे. शिक्षणाने वकील. देशभर फिरून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या स्वरलिपीसकट छापल्या. हिशेबनिसानंतर आता वकील. लिहून ठेवणारी माणसं बघा कुठून कुठून येतात!

दोघांच्या लिप्या वेगवेगळ्या. भातखंड्यांची सोपी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू. समेला ×, खालीला ०. पलुस्करांनी मात्र सप्तकांसाठी शार्ङ्गदेवाचीच खूण धरली: मंद्राला वर बिंदू, ताराला वर उभी रेघ. समेला १, खालीला +, आणि स्वराखाली ० काढलं तर त्याचा अर्थ अर्धी मात्रा.

आता गंमत बघा. अक्षरावर बिंदू: पलुस्करांकडे खालचं सप्तक, भातखंड्यांकडे वरचं. अक्षरावर उभी रेघ: एकाकडे तार सप्तक, दुसऱ्याकडे तीव्र मध्यम. शून्य: एकाकडे अर्धी मात्रा, दुसऱ्याकडे खाली. अधिकचं चिन्ह: पलुस्करांकडे खाली, आणि त्या जुन्या इंग्रजी पियानोच्या पुस्तकात अंगठा! विशारदच्या वाटेवर असलेल्या पोरांना दोन्ही पद्धती शिकाव्या लागतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री डोकं का दुखतं ते आता कळलं असेल.

खूण स्वतः काहीच बोलत नाही. खुणेचा अर्थ दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. हा आजच्या भागाचा मधला खांब आहे.

आणि बोटं? दोन्ही लिप्यांत बोटं नाहीत. कारण सरळ आहे. दोघांचं मुख्य लक्ष्य गाणं होतं, आणि गळ्याला बोटं नसतात. वाद्य शिकणाऱ्याने स्वर पुस्तकातून घ्यावा आणि हात गुरूकडून, असा अलिखित करार झाला. म्हणजे ती जुनी अट निम्मी सुटली, निम्मी तशीच राहिली.

युरोपात हे काम वाद्यावरच्या पुस्तकांनी केलं. फ्रान्समध्ये कूपरँचं हार्पसिकॉर्ड वाजवण्याबद्दलचं पुस्तक १७१६ चं, त्यात बोटं दिलेली आहेत. जर्मनीत बाखने १७२० मध्ये आपल्या थोरल्या पोरासाठी एक वही सुरू केली, तिच्यातल्या एका छोट्या तुकड्यावर त्याने बोटं लिहिली आहेत. त्यात सरळ सप्तक वर चढताना उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका आलटून पालटून येतात, मधलं बोट अनामिकेवरून उडी मारून. आज कुठलाच पियानो शिक्षक असं शिकवणार नाही. १७५३ मध्ये त्याच बाखच्या दुसऱ्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, पुस्तक लिहून अंगठ्याला मानाची जागा दिली. एका घरात एका पिढीत हात बदलला. आणि हे आपल्याला तीनशे वर्षांनी माहीत का आहे? कारण वहीत आकडे लिहिले होते.

पेटी: स्वर तोच, बोट वेगळं

आपल्याकडे कीर्तनात, भजनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे पेटी. पॅरिसच्या द्‌बँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं वाद्य. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी केली, आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाला आपलं वाद्य मिळालं. संगीत नाटकांनी ती महाराष्ट्रात घरोघरी नेली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत बसवलं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, मींड निघत नाही, श्रुती पक्क्या नाहीत वगैरे कारणं देऊन. ती बंदी तीसेक वर्षं टिकली. सप्ताहातल्या पेटीवाल्याने त्या बंदीची दखल घेतली असेल असं काही वाटत नाही.

पण पेटीची एक खरी अडचण आहे, आणि ती आपल्या विषयाची आहे. एका हाताने भाता, म्हणून वाजवायला एकच हात. आणि सा कुठेही असू शकतो. गाणारा बुवा असेल तर काळी एक, काळी दोनच्या आसपास, बाई गात असेल तर काळी चार, काळी पाच.

पांढरी एकचा सा धरा आणि शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवा. सा अंगठा, रे तर्जनी, ग मधलं बोट, मग अंगठा खालून सरकवून म, प तर्जनी, ध मधलं, नि अनामिका, वरचा सा करंगळी. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, सगळं सोपं.

आता तेच सप्तक काळी एकला. ग आणि नि हे दोनच स्वर पांढऱ्या पट्टीवर येतात, बाकी सगळे काळ्या. अंगठा आखूड, काळी पट्टी मागे आणि उंच, म्हणून अंगठा पांढऱ्यावरच टाकायचा. मग होतं असं: सा तर्जनी, रे मधलं, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं, ध अनामिका, नि अंगठा, वरचा सा तर्जनी. एकही बोट आधीच्या जागेवर नाही!

भातखंडे लिपीत ही दोन्ही सप्तकं अक्षर न् अक्षर सारखी दिसतात. सा रे ग म प ध नि सां. हीच या लिपीची ताकद आहे, कोणत्याही पट्टीत गा. आणि हीच वाजवणाऱ्याची अडचण. काळी एकला पेटी वाजवणाऱ्या पोराला पुस्तक काहीच मदत करत नाही.

मृदंग: अक्षर तेच, हात वेगळा

आपल्या बीड जिल्ह्यात सप्ताह नाही असं गाव शोधून दाखवा. सप्ताह म्हटलं की मृदंग आलाच, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं मृदंग शिकायला आळंदीला जातात, जिथे जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था सुरू केली.

तबला-मृदंगाचे बोल ही जगातली भारी गोष्ट आहे. धा, तिट, कत, गदिगन. बोल म्हणजे आवाजही आणि हाताची सूचनाही. ना म्हटलं की हात किनारीवर जातो. म्हणजे इथे तरी बोटं लिहिली गेली, असं वाटतं. पण नीट बघा. तिट हा एकच बोल घ्या. दिल्ली घराण्याचा बाज दोन बोटांचा म्हणून ओळखला जातो: आधी मधलं बोट, मग तर्जनी. पूरबकडच्या हातात मधल्या बोटाला अनामिका जोडलेली असते. पखवाजावर तोच तिट उघड्या पंजाचा. कागदावर तिन्ही ठिकाणी अक्षरं दोन: ति, ट.

म्हणजे बोलसुद्धा शेवटी खूणच. अर्थ हातात, आणि हात घराण्यात.

आता लॅपटॉप उघडू

१९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन वादकांनी एक प्रोग्राम लिहायला घेतला. एक हॉर्न वाजवणारा, दुसरा व्हायोला. कॉम्प्युटरवरचं छापील संगीत त्यांना कोरडं वाटायचं, जुन्या कोरलेल्या प्लेटांसारखं देखणं पाहिजे होतं. प्रोग्रामचं नाव लिलीपाँड. फुकट आहे, मुक्त आहे, ग्नू प्रकल्पाचा भाग आहे.

यात माउसने स्वर टाकायचे नसतात. तुम्ही साधा मजकूर लिहिता, प्रोग्राम त्याचं पान करतो. बोट दाखवायचं तर स्वरापुढे आडवी रेघ आणि आकडा. झालं. चेलोच्या अंगठ्यासाठी वेगळी खूण आहे. गिटारच्या उजव्या हातासाठी अक्षरांची वेगळी सोय आहे. म्हणजे युरोपातल्या वाद्यांचे हात घरचेच. आपले हात पाहुणे.

पण याच प्रोग्रामच्या आत स्कीम नावाची भाषा बसवलेली आहे. १९७५ ची, अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेली, भरपूर कंस असलेली. तिच्यात तुम्ही आपलं फंक्शन लिहू शकता. फंक्शन म्हणजे छोटं यंत्र: एका बाजूने माहिती घालायची, दुसऱ्या बाजूने तयार खूण.

इथे एक बारीक मुद्दा आहे, कोड न लिहिणाऱ्यांनाही कळेल. समजा आकड्याऐवजी 'तर्जनी' असा शब्द पाहिजे. सोपा रस्ता म्हणजे स्वरावर साधा मजकूर चिकटवायचा. पानावर दिसतंही बरोबर. पण प्रोग्रामला वाटतं ही नुसती टीप आहे, 'हळू वाजवा' सारखी. मग तो तिला टिपेच्या नियमाने बसवतो, बोटाच्या नियमाने नाही. दिसायला बोट, वागायला टीप. खरा रस्ता असा: फंक्शनने आतून खरीखुरी बोटाची खूण तयार करायची आणि तिचा दिसणारा चेहरा तेवढा बदलायचा. मग ती स्वराच्या जवळ नीट बसते, आणि सगळ्यात भारी म्हणजे एका आज्ञेने पानावरची सगळी बोटं लपवता येतात. शिकणाऱ्यासाठी बोटांसकट प्रत, मैफलीसाठी बिनबोटांची, फाइल एकच.

आता फंक्शनने छापायचं काय? अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी यांची पहिली अक्षरं घ्यावीत असं पटकन सुचतं. अं, त, म, अ, क. पण म म्हणजे मध्यम! आणि त नि क हे तबल्याचे बोल. आपल्याच लिपीत आपलीच धडक. आकडे घ्यावेत तर १ म्हणजे काय हा पहिलाच प्रश्न परत दारात.

यातून सुटायचा मार्ग शार्ङ्गदेवाचा. फाइलमध्ये खूण लिहायचीच नाही, नाव लिहायचं. लिलीपाँडमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, तेव्हा मजकुरात सरळ 'तर्जनी' लिहा. तिचा १ छापायचा, २ छापायचा की तिसरंच काही, हे फाइलच्या वर एका जागी ठरवा. उद्या व्हायोलिनवाल्याला प्रत पाहिजे असेल तर एक ओळ बदलली की सगळं पान बदललं. पलुस्कर आणि भातखंडे यांचा बिंदू वर की खाली हा वादही असाच सुटतो: फाइलमध्ये 'तार सप्तक' लिहा, बिंदू कुठे पडायचा ते छापताना ठरवा.

पेटीचं फंक्शन याच्या एक पायरी पुढे. लिलीपाँडमध्ये अख्खी चीज एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेण्याची आज्ञा आहे. स्वर नेमके सरकतात, पण बोटांचे आकडे जसेच्या तसे राहतात, म्हणजे आता चुकीचे. म्हणून फंक्शनला दोन गोष्टी सांगायच्या: स्वर कोणता आणि सा कोणत्या पट्टीवर. 'अंगठा काळीवर नको' हा नियम त्याला दिला की पहिला कच्चा खर्डा तेच काढतं. पक्का हात मात्र वाजवणाऱ्यानेच करायचा, कारण तान कुठून आली आणि कुठे चालली हे नियमाला माहीत नसतं. मृदंग-तबल्याच्या फंक्शनलाही असंच: बोल कोणता आणि हात कोणत्या घराण्याचा. तिट एकच लिहा, दिल्ली सांगितलं तर बोटं अशी, पूरब सांगितलं तर तशी.

स्कॉटलंडच्या बॅगपाइपवाल्यांसाठी हे झालेलं आहे. त्यांच्या बारीक कणस्वरांसाठीची तयार फाइल लिलीपाँडबरोबरच येते. सहा भोकांच्या आयरिश टिन व्हिसलसाठी कोणतं भोक झाकायचं याची चित्रंही आहेत, आणि बासरीलाही सहाच भोकं, म्हणजे अर्धं काम तयार आहे. कोणीतरी आपल्या वाद्यासाठी बसून लिहिलं, म्हणून ते आहे. पेटीवाल्याच्या हातासाठी, मृदंगाचार्याच्या हातासाठी परदेशातून कोणी येऊन लिहिणार नाही.

आणि कोड नको असेल, फक्त मोबाइल असेल, तर हे करून बघा. कोमल ग असा लिहा: ग॒. तीव्र म असा: म॑. या खालच्या आणि वरच्या रेघा युनिकोडमध्ये कशासाठी आल्या माहितीये? वेदपठणाचे उच्चनीच स्वर दाखवायला. भातखंड्यांच्या खुणा आज मोबाइलवर वैदिक खुणांच्या अंगावर बसून फिरतात.

पण लिहावंच का?

आता दुसरी बाजू. बरेच जाणकार म्हणतात, हात लिहिला की हात मरतो. प्रत्येकाचा पंजा वेगळा, बोटांची लांबी वेगळी. पुस्तकात एक हात छापला की तोच बरोबर आणि बाकीचे चूक असं होतं. स्वरलिपी आली तेव्हाही गायकी जाईल म्हणून हाच आक्षेप होता, आणि तो काही खोटा नव्हता. कागदावरून गाणारा आणि गुरूसमोर बसून गाणारा यांत फरक ऐकू येतो.

माझं म्हणणं एवढंच की बाखच्या वहीत तरी कुठे बरोबर हात आहे? तिथे त्याचा हात आहे. पुढच्या पिढीने तो पाळला नाही, पण तो होता हे आपल्याला कळलं. तीच गोष्ट फंक्शनची. त्यात घराण्याला जागा ठेवली तर एकाच बोलाचे चार हात शेजारी शेजारी राहू शकतात, आणि प्रत्येकाखाली लिहिता येतं की हा कोणाचा. एकच हात छापला तर तो कायदा होतो, चार छापले तर ती नोंद होते.

आणि आपल्याकडे आज घाई आहे. सप्ताहातलं मृदंग वादन मोबाइलवर हजारोंनी रेकॉर्ड होतंय, पण कॅमेरा बुवांच्या तोंडावर. मृदंगावरचा हात कोपऱ्यात अर्धा, किंवा माईकच्या दांडीमागे. आवाज आपण साठवतोय, हात नाही. आवाजावरून हात ओळखता येईल असं वाटत असेल तर तिट परत ऐका आणि सांगा, अनामिका जोडलेली होती की नव्हती?

म्हणून या भागाचा गृहपाठ. तुमच्या गावात वाजवणारं जुनं माणूस असेल, पेटी, मृदंग, सनई, संबळ, काहीही, तर त्यांच्या परवानगीने मोबाइल वरून धरा, फक्त हातावर. एकेक बोल, एकेक स्वर सावकाश वाजवायला सांगा आणि बोटाचं नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्या: 'ही तर्जनी, ही अनामिका.' ते त्या कृतीला त्यांचं स्वतःचं नाव वापरत असतील तर तेच ठेवा, पुस्तकातलं घालू नका. कोणाकडून शिकले तेही विचारा. ज्यांना कोड येतो त्यांनी एका बोलाचं एक फंक्शन लिहा. एकच पुरे. वर टीप द्या: हात कोणाचा, गाव कोणतं, साल कोणतं.

देवगिरीच्या हिशेबनिसाने वीणेवरच्या हाताच्या कृतींना नावं दिली. त्या वीणा आज नाहीत, ते वादक नाहीत, ते राज्य नाही. कर्तरी हा शब्द आहे, आणि त्या शब्दामुळे आपण निदान विचारू तरी शकतो की ती बोटं कशी चालत होती.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. राम राम!